हृदयासमोरची रेघ

तिसऱ्यांदाही तीच रेघ उमटली, तेव्हा अनुसूया घाटगेने काचेची बशी उचलून थेट प्रयोगशाळेचे प्रमुख विश्वासराव यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

१९६४ साल होतं. बंगळूरच्या त्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या छातीच्या मांसातून मायोसिन, म्हणजे स्नायू आवळणारं प्रथिन, वेगळं काढून सशांना टोचत. सशांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होत. मग अगारच्या, म्हणजे समुद्रशेवाळाच्या जेलीच्या, थरात मधल्या खळग्यात सशाचं सीरम, म्हणजे रक्तावरची निवळ, आणि भोवतीच्या खळग्यांत निरनिराळ्या अवयवांचे अर्क घातले, की जिथे ओळख पटे तिथे पांढरी रेघ उमटे. आपलं सीरम हाडं हलवणाऱ्या स्नायूंचंच मायोसिन ओळखतं, असं विश्वासरावांनी दिल्लीच्या परिषदेला कळवूनही टाकलं होतं. अनुसूयेच्या बशीत मात्र हृदयाच्या अर्कासमोरही रेघ होती.

"भांडी धड धुतली नसतील," मान वर न करता ते म्हणाले.

"मी स्वतः धुतले, सर. तीनदा करून बघितले. रेघ स्वल्प आहे, पण आहे."

"स्वल्प! तुम्हा इथल्या बसवनगुडीवाल्यांचं मराठी असलं, आणि काम त्याहून असलं." पुण्याहून आलेल्या विश्वासरावांनी बशी केराच्या डब्यात टाकली. "उद्यापासून हृदयाचा खळगा पाडायचा नाही."

"मी पाडणार."

"मग सशांना हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सशांची देखभाल करणारा मानसिंग दारातच आडवा उभा राहिला. "अक्का, साहेब तुम्हाला आत सोडू नको म्हणालेत. माझ्या पोटावर पाय आणू नका." त्याची नजर खाली होती, पण तो बाजूला झाला नाही.

शीतकपाटात जुन्या सीरमच्या दोन कुप्या उरल्या होत्या. अनुसूयेने त्यातल्या एकीत कोंबडीच्या हृदयाची वाळवलेली पूड मिसळली. हृदय ओळखणारी प्रतिपिंडं पुडीला चिकटून बसली. पूड खाली बसवून तिने वरचं सीरम तेवढं नव्या बशीत घातलं. दोन दिवसांनी छातीच्या स्नायूसमोर ठसठशीत रेघ होती, हृदयासमोर काही नाही. क्षणभर तिला हसू आलं. मग स्वतःचंच काम चोरासारखं करावं लागल्याचा संताप डोक्यात गेला.

ती सांगायला गेली, तर विश्वासरावांनी "दिल्लीहून आल्यावर बोलू" म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं.

दिल्लीला निघण्याआधी, शनिवारी, संचालकांसमोर विश्वासरावांचा निबंध वाचून झाला. "हृदयाशी ताडून पाहिलंत?" संचालकांनी विचारलं.

"पाहिलं. काही येत नाही."

मागच्या बाकावरून अनुसूया उठली. "येते, सर. सीरम हृदयाच्या पुडीत मुरवलं, तरच येत नाही." आणि तिने दोन बशा पुढे केल्या, एक साध्या सीरमची, एक मुरवलेल्या.

संचालकांनी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या. "विश्वासराव, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"या मुलीला शिस्त नाही."

"ते मी विचारलं नाही."

निबंधात पुडीचं वाक्य घालावं लागलं. अनुसूयेचं नाव मात्र आलं नाही, आणि पुढच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीसाठी तिची शिफारसही झाली नाही. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "नाव का गाळलंत?"

"चारचौघांत माझं नाक कापलंस, आणि वर नाव मागतेस?"

"नाक तुमचं तुम्ही कापून घेतलंत," ती म्हणाली आणि प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवून निघाली.

जुलैत ती मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागली. निबंध छापून आला, तेव्हा वाचनालयात उभ्याउभ्याच तिने ते एक वाक्य दोनदा वाचलं. वाक्य बरोबर होतं. तिने अंक मिटून फळीवर ठेवला. राग तसूभरही उतरला नव्हता.