तीनशे बारा ओळी

भिवंडीतल्या एका मराठी साप्ताहिकात, शेवटून दुसऱ्या पानावर, राशिभविष्याच्या खाली धनेशचं सदर यायचं. नाव ‘हातातले खेळ’. हातात धरून खेळायचे नवे व्हिडीओ गेम, त्यातही तुकडे जुळवायचे, डोकं लावायचे गेम आपल्याला कसे वाटले ते तो तिथं लिहायचा. संपादकांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पान भरायचं होतं आणि धनेशचं मराठी गोड होतं. ‘हा गेम घाई करतो, पण दमवत नाही.’ ‘पहिल्या दहा पायऱ्या पाहुणीसारख्या वागतात, अकरावी सासूसारखी.’ असली वाक्यं वाचून, ज्यांनी जन्मात गेम हातात धरला नव्हता अशी माणसंही हसायची.

खरं सांगायचं तर यातली निम्मी वाक्यं धनेशची नव्हतीच. ती जुबेरची होती.

धनेश भिवंडीजवळच्या पूर्णा गावचा, आगरी. घरच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली आणि तो दापोड्याला अशाच एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. जुबेर शहरातल्या निजामपुऱ्यातला. त्याचे वडील गुलाम हुसेन यांचे चोवीस लूम, म्हणजे विजेवरचे माग. २००२ साली जुबेर टेम्पोबरोबर कापडाच्या गाठी घेऊन दापोड्याला आला, तेव्हा धनेश जेवणाच्या सुट्टीत उन्हात उभा राहून, मान वाकडी करून गेम खेळत होता. त्या यंत्राच्या स्क्रीनला आतून उजेड नव्हता, ऊन पडलं तरच दिसायचं. जुबेर मागून बघत राहिला आणि न राहवून म्हणाला, “उजवीकडं टाक. उजवीकडं रे! गेला.”

गेला तो गेलाच. मग जुबेरने खिशातून तसलंच यंत्र काढलं, कुवेतच्या मामाने पाठवलेलं. दोघंही पंचविशीतले, आणि सबंध भिवंडीत असला येडा आपण एकटाच अशी दोघांचीही समजूत.

तेव्हापासून दर शुक्रवारी, लूम बंद असायचे तेव्हा, धनेश कारखान्याच्या माळ्यावर जायचा. जुबेरची मोठी बहीण रशिदा उर्दू शाळेत शिकवायची. तिच्या हातच्या चहाचा थर्मास मध्ये ठेवून दोघं गेमची नवी कॅसेट लावायचे. जुबेर खेळायचा आणि बोलायचा, धनेश हरायचा आणि लिहून घ्यायचा. सदरातही तो त्याला ‘आमचे जुबेरमियाँ’ म्हणायचा, त्यामुळे वाचकांनाही हे जुबेरमियाँ ओळखीचे झाले होते.

पुढच्या वर्षी मामाने डबीसारखं मिटणारं, आतून उजेडाचं नवं यंत्र पाठवलं. धनेशला काय करू न काय नको झालं. जुबेरने मात्र ते उलटसुलट करून पाहिलं. “अंधारच आहे यार.”

“डोकं फिरलंय का? दिव्यासारखं लख्ख दिसतंय.”

“कडेचं काय दिसत नाय मला.”

धनेशने पुढच्या अंकात लिहिलं, ‘आमच्या जुबेरमियाँच्या हातात सूर्य दिला तरी ते म्हणतील, जरा वात मोठी करा.’ लोक हसले. जुबेरही हसला.

त्यानंतर धनेश जिंकायला लागला. दोन यंत्रं केबलने जोडून खेळताना पूर्वी तो दहात एकदा जिंकायचा. आता आठदा जिंकू लागला. डाव्या कडेला तुकडा येऊन पडायचा आणि जुबेरला पत्ताच नसायचा. धनेशला वाटलं, आपला हात बसला. त्याने ते मिरवूनही लिहिलं. जुबेर अधूनमधून दाराच्या चौकटीला आपटायचा, शेजारी ठेवलेला ग्लास त्याच्या कोपराने लवंडायचा. तोवर महाडच्या रमशाशी त्याचं लग्न ठरलं होतं. धनेश म्हणायचा, “लक्ष कुठंय? महाडला?”

२००५ सालच्या एका शुक्रवारी डाव अर्ध्यावर असताना जुबेरने यंत्र मिटून बाजूला ठेवलं.

“धन्या, मी मुंबईला जाऊन आलो. डोळ्यांच्या हॉस्पिटलात.”

“चष्मा लागला?”

“चष्म्याचं काम नाय. डोळ्याचा मागचा पडदा सुकतोय म्हणाले. कडेकडेनं. आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं. ती नळी बारीक होत जाणार.”

“मग औषध?”

जुबेरने नाही म्हणून मान हलवली.

धनेशला पहिल्यांदा आठवलं ते सूर्याचं वाक्य. “मी तुझी चेष्टा केली रे. छापून.”

“चांगलं होतं ते. मी पण हसलो ना.” जुबेरने थर्मासचं झाकण चाचपून घेतलं. “घरात फक्त रशिदा आपाला ठाऊक आहे. अब्बांना नाय सांगितलं. ईदनंतर महाडची मंडळी तारीख धरायला येणार. त्या दिवशी रमशाला समोर बसवून मी सांगणार. फोनवर नाय, तोंडानं. मग ती म्हणेल ते.”

“कुणाला बोलणार नाही,” धनेश म्हणाला. आणि बोलला तो कुणालाच नाही, हेही तितकंच खरं.

त्यानंतर दोनेक महिने त्यांनी यंत्राला हात लावला नाही. मग मामाने दोन स्क्रीनचं नवं यंत्र पाठवलं. जुबेरने ते उघडलं, नाकाशी नेलं. “वास नवा आहे,” तो म्हणाला, आणि एकदम त्याला हुरूप आला. “हे बघ, मधलं मला दिसतं अजून. कडा तू सांभाळ. फक्त सांगत राहा.”

धनेश त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला. तुकडे वरून येऊ लागले; आडवी ओळ पूर्ण भरली की ती पुसली जायची आणि एक ओळ जमा व्हायची. “डावीकडं दोन घरं रिकामी. फिरव. अजून एकदा. सोड. आता उजवीकडं खड्डा, खोल. लांब तुकडा येतोय, थांब... सोड!” सुरुवातीला सगळं चुकत होतं. धनेशचं सांगणं उशिरा, जुबेरचं बोट लवकर. पण तासाभरात काहीतरी जुळलं. धनेश पुरता शब्द बोलायच्या आत जुबेरचं बोट हलू लागलं. तुकड्यांचा वेग वाढला, तसं सांगणंही आखूड झालं, “डा”, “उ”, “सो”. शंभर ओळी झाल्या. दोनशे झाल्या. दोघांच्या बनियनी घामाने भिजल्या. रशिदा थर्मास न्यायला वर आली ती जिन्यातच उभी राहिली. तीनशे बारा ओळींवर डाव संपला. दोघांपैकी एकट्याने कुणी कधी एकशे नव्वदच्या वर गेलं नव्हतं. जुबेर फळ्यांवर उताणा पडून मोठमोठ्याने हसत सुटला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि धनेशच्याही.

घरी आल्यावर धनेश लिहायला बसला. इतकं चांगलं त्याने कधी लिहिलं नव्हतं. गेमबद्दल चार ओळी, बाकी सगळं मित्राबद्दल: तो कसा कडा दिसत नसताना खेळला, डोळे जाणार हे ठाऊक असूनही कसा हसला. नाव घातलं नाही, ‘माझा एक लूमवाला दोस्त’ एवढंच. नाव नाही म्हणजे झालं, असं त्याला वाटलं. जुबेरला विचारावं असं एकदा मनात आलं होतं. पण छापून आल्यावर त्याच्या हातात अंक ठेवायचा आणि त्याचा चेहरा बघायचा, या हौसेपुढे ते मागे पडलं.

संपादकांना लेख इतका आवडला की त्यांनी तो पहिल्या पानावर घेतला आणि स्वतः मथळा दिला, ‘आंधळ्या मित्राचा विक्रम’.

अंक बुधवारी निघाला. गुरुवारी कुणीतरी तो बाजारपेठेत जोरात वाचून दाखवला. लूमवाला दोस्त कोण, हे सांगायला कुणाची गरज नव्हती, तीन वर्षं धनेशनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शनिवारी महाडहून गुलाम हुसेन यांना फोन आला. आपला मुलगा आंधळा होतोय, हे बापाला व्याह्याच्या तोंडून कळलं.

सोमवारी रशिदा गोदामात आली. एवढ्या वर्षांत ती कधी दापोड्याला आली नव्हती. गाठींच्या आडोशाला उभी राहून तिने पर्समधून अंक काढला.

“हे तू लिहिलंस?”

“आपा, मी चांगलं म्हणून...”

“चांगलंच लिहिलंयस. मीच त्याला वाचून दाखवलं.” तिचा आवाज शाळेत असावा तसा सरळ होता. “आईबापाला नव्हतं सांगितलं, ते त्यानं तुला सांगितलं होतं. लग्न मोडलं, धनेश. अब्बा दोन दिवस जेवले नाहीत. मी हे सांगायला आले, कारण तो सांगणार नाही.”

त्याच संध्याकाळी धनेश निजामपुऱ्यात गेला. लूम चालू होते, त्या खडखडाटात जुबेर ऑफिसच्या खुर्चीत बसला होता. धनेशने पाय धरायला हात पुढे केले, तेव्हा जुबेरने पाय मागे घेतले.

“ते नको.”

“मी पुढच्या अंकात माफी मागतो. लिहितो की सगळं खोटं आहे.”

“खोटं कुठाय?” जुबेर म्हणाला. “आणि आता माझ्यावर काय पण लिहू नको. माफी पण नको.”

“मी नाव नव्हतं घातलं रे.”

जुबेरने खुर्ची लूमकडे वळवली. मग म्हणाला, “ती नाय म्हणाली असती तरी चाललं असतं मला. मी मनाची तयारी केली होती. पण मी समोर बसून सांगितलं असतं तर तिनं काय म्हटलं असतं, हे आता मला कधीच कळणार नाय. ते एकच माझं होतं, धनेश.”

तो नेहमी धन्या म्हणायचा.

धनेशची आई राहीबाई तशी अडाणी बाई, पण मुलाचं तोंड बघून तिने सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, “दुसऱ्याचा दुखना आपला न्हाय, बाला. त्यो सांगल तवा सांगल. तू कशाला वाटलास?”

कुणालाही न सांगता एका रविवारी तो एसटीने महाडला गेला. रमशाच्या वडिलांनी त्याला घरात घेतलं, पाणी दिलं, चहा दिला. धनेशने सगळं सांगितलं: जुबेर लपवत नव्हता, ईदनंतर स्वतः सांगणार होता, चूक आपली आहे.

“असेल,” ते म्हणाले. “पण आमच्या नातेवाइकांनी आम्हाला पेपर दाखवला. पोरीच्या बापाला पेपरातून कळावं, हे कसं वाटतं तुम्हाला?”

धनेश उठला. तेवढ्यात आतल्या दारात रमशा येऊन उभी राहिली. बारीक अंगाची, डोक्यावर ओढणी, हातात धुतलेल्या पेल्यांची रास.

“दर इतवारी फोनवर बोलायचे ते माझ्याशी,” ती म्हणाली. “तुमच्याच गमती सांगायचे. धन्या असा हरला, धन्या तसा हरला. तुम्हाला त्यांनी सांगितलं. मला नाही.”

“तुम्हाला समोर बसवून सांगणार होते. मला तसं म्हणाले होते. तुम्ही काय म्हटलं असतं?”

वडील चमकून तिच्याकडे बघू लागले. रमशाने पेले खाली ठेवले.

“आता ते विचारू नका. आता मी हो म्हटलं तर लोक म्हणतील, पेपर वाचून दया आली. उद्या त्यांनाही तसंच वाटेल. आयुष्यभर वाटेल.” तिने पेले परत उचलले. “तुम्ही फार छान लिहिता. मी दोनदा वाचलं. रडले.”

परतीच्या गाडीत धनेशला खिडकीशी जागा मिळाली होती. बाहेर काय होतं ते त्याला काही दिसलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्या हातात न मागता आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली दिली.

ही भेट त्याने जुबेरला सांगितली नाही. सांगावी तर तिचं ‘रडले’ हेही सांगावं लागणार, आणि ते सांगायचा हक्क आपल्याला आहे का, हे त्याला ठरवता येईना. एकदा चुकला होता, आता तोंड उघडायचीच भीती बसली. त्या वर्षाअखेरीस रमशाचं लग्न खेडच्या एका मुलाशी झाल्याचं त्याच्या कानावर आलं.

संपादकांनी चार वेळा निरोप धाडले. मथळ्याबद्दल त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. “अंक हातोहात गेला होता,” एवढंच ते म्हणाले. धनेशने दोनदा लिहायला घेतलं. मुंबईहून नवी कॅसेट आणली, खेळला, आणि कागदावर लिहिलं, ‘गेम बरा आहे.’ त्याच्यापुढे वाक्य सुचेना. सदराच्या जागी पाककृती येऊ लागल्या. पुढे त्याचं लग्न झालं, गोदामात बढती मिळाली. कामावरचे लोक नवीन मोबाइल दाखवायचे, त्यातले गेम दाखवायचे. तो बघायचा आणि “छान आहे” म्हणायचा.

२००८च्या मार्चमध्ये धामणकर नाक्याला त्याला जुबेर दिसला. रशिदाच्या दंडाला धरून चालत होता. काळा चष्मा, छाटलेली दाढी, अंग जरा भरलेलं. गुलाम हुसेन वारल्यापासून कारखाना तोच बघतो, कुठल्या लूमचा धागा तुटला ते खुर्चीत बसून आवाजावरून ओळखतो, असं धनेशने ऐकलं होतं. रशिदाने धनेशला पाहिलं आणि ती थबकली.

“जुबेर, मी धनेश.”

“हां. आवाजावरून ओळखलं.” जुबेरने हात पुढे केला. हात गरम होता, पकड नेहमीची. “आई कशी आहे?”

“बरी आहे. गुडघे दुखतात.”

“मुलं?”

“एक मुलगी. मैना.”

“माशाल्ला. छान नाव आहे.”

रिक्षावाले भोंगे वाजवत होते. धनेशला महाडचं सांगायचं होतं, अडीच वर्षं ते त्याच्या छातीत अडकून बसलं होतं. ती रडली होती, तिने दोनदा वाचलं होतं, ती कदाचित हो म्हणाली असती. त्याने तोंड उघडलंही. जुबेरचा चेहरा शांत होता, ओळखीच्या व्यापाऱ्याशी बोलताना असतो तेवढाच. ते बघून धनेशने शब्द गिळले.

“उन्हात उभं राहू नका,” तो म्हणाला.

“चला आपा,” जुबेर म्हणाला. मग मान जराशी वळवून, धनेश उभा होता त्याच्या हातभर बाजूला बघत, “येत जा कधीतरी.”

असं आपण सगळ्यांनाच म्हणतो. रशिदाने त्याला पलीकडे नेलं. धनेश दापोड्याच्या रिक्षात बसला, तेव्हा त्याची ड्युटी सुरू व्हायला पाव तास होता.