चौदाव्या प्रकरणातला दरवान

मी एक जुनी ऐतिहासिक कादंबरी आहे. माझी शिवण उसवली आहे आणि पहिली चार पाने वाळवीने खाल्ली आहेत. पण मित्रांनो, त्याचे मला दुःख नाही. मला लाज वाटते ती माझ्या चौदाव्या प्रकरणाची. ते मात्र अजून शाबूत आहे.

माझा जन्म १९३३ साली पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. इंदापूर तालुक्यातल्या एका गढीच्या लढाईची गोष्ट माझ्यात आहे. माझ्या लेखकांनी ती गढी पाहिलेली नव्हती. एका जुन्या कागदात त्यांना ‘गढी पडली’ एवढेच सापडले होते. ती कशी पडली, हे कुठेच लिहिलेले नव्हते. तेव्हा इनामाच्या लोभाने शत्रूला दार उघडून देणारा एक दरवान त्यांनी मनानेच रचला. प्रसंग फार रंगला.

त्या गढीखालच्या गावात आबाजी गुरुजी शिकवीत असत. त्यांनी मला बारामतीहून हौसेने आणले आणि रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात ते मला मोठ्याने वाचू लागले. माणसे मळ्यातून हातपाय धुऊन थेट देवळात येत. आपल्या गावालाही इतिहास आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होते. बायका डोळे पुसत. मी अभिमानाने फुगून गेले होते.

चौदावे प्रकरण आले आणि देवळातली सगळी डोकी एका बाजूला वळली. तिथे दत्तोबा बसला होता. लिंबांची बाग करणारा हा अबोल माणूस. गढीच्या दाराची राखण पूर्वी त्याच्याच घराकडे होती, म्हणून दसऱ्याला त्या पडक्या दाराची पूजा त्याच्या हातून होई. तो खाली मान घालून उठला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची म्हातारी आई धोंडाबाई काठी टेकत शाळेत आली.

“गुरुजी, आमचा माणूस त्या दारातच कापला गेला,” ती म्हणाली. “त्या तिथीला आमच्या घरात अजून चूल पेटत न्हाय. हे तुमच्या पुस्तकात कसं न्हाय?”

गुरुजी म्हणाले, “आजी, हे छापलेलं आहे.”

म्हातारी काठी टेकत आली तशी परत गेली. मी टेबलावरच होते. मला खरे काय ते ठाऊक होते, पण पुस्तकाला आपल्या पानांबाहेरचे बोलता येत नाही.

त्या दसऱ्याला पूजेचे ताट दुसऱ्याच्या हाती दिले गेले. दत्तोबाची धाकटी बहीण कौसल्या हिची ठरत आलेली सोयरीक मोडली. पाहुण्यांनी जे कारण सांगितले, ते माझ्यातलेच होते. पौषात धोंडाबाई वारली.

माघात एका सकाळी गुरुजी काही कामाने दत्तोबाकडे गेले. चूल गार होती. मुले ओसरीवर चुरमुरे खात बसली होती. आज ती तिथी, असे दत्तोबाने हलक्या आवाजात सांगितले. गुरुजी पाणीही न पिता घरी आले आणि त्यांनी माझ्या लेखकांना पत्र लिहिले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. गुरुजींनी ते देवळात सर्वांसमोर वाचले. “दरवान माझ्या कल्पनेतला आहे. गोष्टीला फितुरी हवी होती. त्याचे घर आजही तुमच्या गावात नांदत असेल, हे माझ्या मनात आले नाही.” मग त्यांनी चौदावे प्रकरण फाडायला हात घातला.

दत्तोबा पुढे आला. “फाडू नका, गुरुजी. हे पत्र तितंच चिकटवा. आन् माझी आई सांगायची ते बी लिवा. वाचणाऱ्याला समदं कळू द्या.”

गुरुजींनी तसेच केले. पुढच्या दसऱ्याला ताट पुन्हा दत्तोबाच्या हाती आले. कौसल्येची सोयरीक मात्र पुन्हा जुळली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी पुस्तके जरूर वाचा. गेलेल्या काळाची गोडी आम्हीच लावतो. पण आमच्यातला एखादा माणूस फितूर निघाला, तर हे कुणी पाहिले होते, असे एकदा विचारा. आणि माझे चौदावे प्रकरण उघडाल, तेव्हा आधी धोंडाबाईचे बोल वाचा, मग ते पत्र वाचा. मला सगळ्यांत शेवटी वाचलेत तरी चालेल.