दोनशे चाळीसचे टायर

माझ्या नवऱ्यानं, नीलनं, सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली आणि तिचे टायर निवडण्यात तीन महिने घालवले. ताशी दोनशे चाळीसचा स्पीड झेपला पाहिजे, वळणावर रस्ता घट्ट धरला पाहिजे, आणि भाव मात्र डोंबिवलीच्या भाजीबाजारातला! मिळाले एकदाचे. सासूबाईंनी गाडी ओवाळली, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. ती चिरडून आम्ही दिमाखात घोडबंदर रोडला लागलो.

ट्रॅफिकमध्ये दोन तासांत पुढचा सिग्नल गाठला आणि मुकाट्यानं घरी परतलो. उतरून बघते तर लिंबाची साल टायरला तशीच चिकटलेली. एक बीसुद्धा सुटली नव्हती.

नील कौतुकानं वाकून म्हणाला, "बघ, ह्याला म्हणतात ग्रिप!"