बारा दिवस खुंटीवर

सायकलच्या ट्यूबची पट्टी. तोडणी झालेल्या उसाचं टणक रान. कलकत्त्याचं रेल्वेचं तिकीट. भिंतीतली खुंटी. कधीच न दुमडणारा एक पाय.

मित्रांनो, हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे आणि ती गोष्ट माझी आहे. मी एक जुनी, सात नंबरची गोल्फची काठी आहे. माझी कीव करू नका.

पुण्याच्या छावणीतल्या एका साहेबांनी निवृत्त होताना मला हवालदार कृष्णातांना दिलं. माझी मूठ झिजली होती. मलकापूरला घरी आल्यावर त्यांनी तिच्यावर ट्यूबची पट्टी आवळली आणि मला मुलाच्या, शंभूराजच्या हाती दिलं. शेजारचे नानासो बांधावरून विचारायचे, “काय रं गड्या, रानडुकरं हाकलायला आनलीस व्हय ही?” शंभूराज हसायचा आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून पल्याड धाडायचा.

१९९६ साली तो व्यावसायिक खेळाडू झाला. चौदा आठवड्यांत बारा स्पर्धा. हंगामाअखेर बक्षिसांच्या कमाईच्या यादीतल्या पहिल्या साठांत नाव असेल, तरच पुढच्या वर्षी खेळता येणार होतं. आठ स्पर्धा झाल्या तेव्हा तो बावन्नावा होता.

कृष्णातांचा नियम मात्र फौजेचा. दोन दिवस रेल्वेत काढून मुलगा घरी आला, तरी न्याहारीआधी रानात तीनशे चेंडू. त्या टणक जमिनीवर माझं डोकं आपटायचं आणि हादरा थेट त्याच्या मनगटात जायचा. त्याची पकड सैल पडू लागली. हे मला सगळ्यांआधी समजलं, पण काठीला कोण विचारतं?

एका सकाळी एकशे चाळिसाव्या चेंडूला शंभूराज थांबला. घरात येऊन त्याने मला खुंटीला अडकवलं. कलकत्त्याचं तिकीट काढलेलं असलं तरी पुढच्या दोन स्पर्धा खेळणार नाही आणि बारा दिवस काठीला हात लावणार नाही, असं त्याने वडिलांना सांगितलं.

खुर्चीवर आपला न दुमडणारा पाय लांब सोडून कृष्णात चहा पीत होते. ते बरंच बोलले. नाव घसरेल, गाव हसेल, पोरगं भ्यालं म्हणेल. शेवटी म्हणाले, “सुजलेला गुडघा पट्टीनं आवळून पलटणीसाठी हॉकी खेळलो आमी. एक सामना सोडला न्हाई.”

“त्याच पायाकडं बघतोय मी, आबा,” शंभूराज म्हणाला. “मला ह्यो एकच हंगाम खेळायचा न्हाई. लय वर्सं खेळायचंय.”

कृष्णातांनी कप खाली ठेवला आणि ते उठून रानाकडे गेले.

अडगळीतल्या वस्तू रडतात, असं तुम्ही निबंधाच्या वहीत लिहिता. मी रडले नाही. कोळ्याने माझ्यावर जाळं विणलं, यादीतलं नाव त्रेसष्टावर घसरलं, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मी त्या बारा दिवसांत केलं. मी लटकत राहिले.

तेराव्या दिवशी त्याने मला उचललं, तेव्हा त्याची पकड घट्ट होती. उरलेल्या दोन स्पर्धा तो खेळला. हंगाम संपला तेव्हा तो अठ्ठावन्नावा होता.

आम्हांला पुसा, तेल लावा, जपा, हे तुम्हांला सगळ्याच वस्तू सांगतात. मी सांगते, मित्रांनो, आम्हांला खाली ठेवायलाही शिका. कोणी भित्रा म्हणालं तर म्हणू द्या. ‘आज नाही’ असं म्हणता न येणाऱ्या हातात मला जायचं नाही.

त्या बारा दिवसांतल्या पाचव्या दिवशी कृष्णातांनी रानातले सगळे चेंडू वेचले, पोत्यात भरले आणि पोतं माळ्यावर टाकलं.