गिरणीतला त्रिशंकू

गणपती आठ दिवसांवर आले होते म्हणून लवू परबने रविवारी सकाळी घर झाडायला काढलं. पोटमाळ्यावरची वर्तमानपत्रं, जुनी पंचांगं, मोडक्या पेटीतले कागद सगळं त्याने सुतळीने बांधलं आणि रद्दीवाल्याला देऊन टाकलं. त्याची बायको नलिनी नळावरून पाणी घेऊन आली तेव्हा माळा लख्ख झाला होता.

"पेटीतले कागद कुठे आहेत?" तिने हंडा खाली ठेवत विचारलं.

"तुझ्या ऑफिसातले? एका बाजूने टाइप केलेले होते ना सगळे. दिले की."

"दुसऱ्या बाजूला माझी गोष्ट होती, लवू."

नलिनी मुलुंडच्या एका औषध कंपनीत टायपिस्ट होती. वाया गेलेले कागद ती घरी आणायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. आधी दोन छोट्या विज्ञानकथा छापून आल्या होत्या, त्या वाचून घाटकोपरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी, शिवदास कांबळ्यांनी, तिच्याकडे मोठी कथा मागितली होती. सोमवारी संध्याकाळपर्यंत ती छापखान्यात जायला हवी होती. चोवीस पानं, एकच प्रत.

दोघं धावत भांडुप स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात गेली. तासाभरापूर्वी टेम्पो भरून गेला होता. दुकानदाराने उरलेले गठ्ठे सोडून दाखवले, लवूने गुडघे टेकून एकेक कागद पाहिला. गोष्ट नव्हती. परतताना लवू चार वेळा "माझी वाट लागली" म्हणाला. नलिनी पुढे पुढे चालत राहिली. थांबली असती तर रस्त्यातच रडली असती.

चाळीच्या गॅलरीत तिचे सासरे धाकू परब खाटेवर बसले होते. चौतीस वर्षं त्यांनी गिरणीत फिटरचं काम केलं. संपानंतर गिरणी पुन्हा सुरू झाली, पण धाकूंना कामावर घेतलं नाही. त्याआधी दर हिवाळ्यात रजा काढून ते गावी, वेंगुर्ल्याकडे जायचे आणि दशावतारी नाटकात राजांची, ऋषींची मोठी कामं करायचे. लग्नानंतर नलिनीने त्यांना देवळासमोर विश्वामित्र करताना पाहिलं होतं. राजा त्रिशंकूला देहासकट स्वर्गात जायचं होतं. विश्वामित्राने त्याला तपाच्या बळावर वर पाठवलं, इंद्राने ढकलून दिलं, तेव्हा ऋषीने "तिथेच थांब!" म्हणून त्याला मधल्या आकाशात रोखलं आणि त्याच्यासाठी नवे तारे घडवले. ते "थांब!" ऐकून मांडीवरची पोरं रडायला लागली होती.

नलिनीची कथा त्या हाकेतूनच निघाली होती. मात्र धाकूंना तिने एक शब्द सांगितला नव्हता. मागे एका मंडळाच्या नाटकात नारदाला गॉगल घातलेला पाहून ते तरातरा उठून गेले होते. इथे तर त्रिशंकू अवकाशयानात होता. आणि दुसरीही एक धास्ती होती. तिचा त्रिशंकू राजा नव्हता, बंद गिरणीतला फिटर होता. दर शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस संपलं की ती लिहिलेली पानं शेजारच्या राधाला वाचून दाखवायची, तेही म्हाताऱ्याचा डोळा लागला की.

"गावली?" धाकूंनी विचारलं.

"काय, बाबा?"

"तुजी गोष्ट. त्या फिटराची."

नलिनी दारातच थबकली.

"तुम्ही... तुम्ही झोपलेले असायचात ना?"

"डोळे मिटले म्हणजे कान मिटले काय गो? तीन शनिवार आयकलंय." त्यांनी खाटेवरचा टॉवेल झटकला. "लवू, तिका कागद दी. कोरे दी हां, दोनी बाजून."

"बाबा, चोवीस पानं होती."

"आमच्या दशावतारात कागद खय असता? रातभर आख्यान चलता, ता सगळा तोंडातच. बस. पयलो परवेश, फिटर सत्यव्रत."

ते उभे राहिले आणि सांगू लागले. गिरणी बंद पडलेला सत्यव्रत. पृथ्वीभोवती फिरणारं 'इंद्रलोक' नावाचं स्थानक, तिथे निवडलेल्या माणसांनाच प्रवेश. त्याला आपल्या यानातून वर पाठवणारी शास्त्रज्ञ कौशिकी. स्थानकाने दार उघडायला दिलेला नकार. इंधन संपलेलं, ना वर जाता येत ना खाली. शब्द नलिनीचेच होते असं नाही, पण प्रसंग एकही सुटला नव्हता. ती मध्येच अडवायची, "नाही बाबा, कौशिकी तेव्हा ओरडत नाही." ते म्हणायचे, "मग काय करता? सांग." आणि सांगता सांगता तिला तिची वाक्यं आठवायची. लवूने मुकाट्याने भात लावला. राधा येऊन उंबऱ्यावर बसली आणि विसरलेल्या दोन जागा तिने भरून दिल्या.

दुपार कलली तेव्हा शेवट आला आणि धाकू थांबले.

"तो फिटर मीच मां?"

नलिनीने मान खाली घातली. "रागावलात?"

"राग कित्याक? चौतीस वर्सां स्पॅनर धरलो, कोणी माका गोष्टीत घेवक नाय. पण एक सांग. तेका उलटो कित्याक टांगलंस?"

"पुराणात तसाच आहे ना, बाबा. डोकं खाली, पाय वर."

"ता जमिनीवरच्यांचा झाला. अंतराळात वर-खाली असता काय?"

नलिनीने नुकतीच लिहिलेली पानं मागे उलटली. वर-खाली नसतं, हे तिनेच तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, सत्यव्रताच्या हातून सुटलेला स्पॅनर तरंगतो त्या जागी. तरीही शेवटी तिने त्याला उलटा लटकवला होता, लाजिरवाणा, सगळी पृथ्वी त्याच्याकडे बघते आहे असा.

"नसतं," ती म्हणाली.

"मग तो उलटो कसो?"

आणि धाकूंनी टॉवेल खांद्यावर टाकला, छाती काढली आणि गॅलरीतून समोरच्या डोंगराकडे बघत अगदी नाटकातल्या मराठीत गर्जना केली, "कौशिकी! मी उलटा नाही! मी जिथे आहे तिथे खाली नाही आणि वर नाही! तू तारे घडव, मी त्यांचे बोल्ट आवळतो!"

खालच्या नळावर दोन बायका दचकून वर बघू लागल्या. राधाने टाळी वाजवली. नलिनी हसत होती आणि लिहीत होती, शाईवर पाणी पडू नये म्हणून पदराने डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून ती थेट घाटकोपरला गेली. शिवदास कांबळ्यांनी तिच्यासमोरच कथा वाचायला घेतली. त्यांचा चहा निवला, त्यावर साय धरली. मध्ये ते एकदा चष्मा काढून खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटचं पान उलटून त्यांनी विचारलं, "हा बोल्ट आवळणारा तुम्हांला कुठे भेटला?"

"घरीच. माझे सासरे," ती म्हणाली आणि तिने रद्दीत गेलेल्या प्रतीची हकिकतही सांगितली.

"पहिल्या पानावर घेतो ही. एक शब्द बदलत नाही." त्यांनी कागदांवर वजन ठेवलं. "आणि पुढच्या वेळी कार्बन घालून लिहा हो."

बाहेर पडल्यावर नलिनीने हातगाडीवर दोन वडापाव घेतले आणि तिथेच उभ्याने एकापाठोपाठ एक खाल्ले. सकाळपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं.

घरी पोचली तर लवू जिन्याच्या पायरीवरच बसलेला.

"काय झालं?"

"घेतली. पहिल्या पानावर."

लवूने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "मला वाटलं, आता तू सरळ माहेरी जातेस."

"कार्बन पेपर आणून दे उद्या," नलिनी म्हणाली आणि दमलेली ती त्याच्याशेजारी पायरीवर टेकली. वर गॅलरीत धाकू कोणाला तरी पहिल्यापासून गोष्ट सांगत होते.