डावी शिराझ, उजवी कॅबरने

मित्रांनो, मी एक जुना द्राक्षाचा खुंट आहे. खुंट म्हणजे वेलाचा खालचा भाग, मुळं आणि बुंधा. वर लागतात ती द्राक्षं माझी नसतात. माझ्यावर दुसऱ्याच जातीची काडी कलम करून बसवतात आणि मी जन्मभर तिला पाणी पुरवतो. असं का, ते मला कोणी सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

वणी रस्त्याला रंगनाथ नानांचा मळा आहे, त्यात मी उभा आहे. माझ्या ओळीत डावीकडे सगळी शिराझ, उजवीकडे सगळी कॅबरने. दोन्ही काळी द्राक्षं, दोन्ही वाईनची, दोन्ही समोरच्या वायनरीत जातात. बरोबर मध्ये मी.

अकरा वर्षांपूर्वी कलमं करायला दोन टोळ्या आल्या होत्या. कळवणची टोळी डावीकडून शिराझ लावत आली, पेठची उजवीकडून कॅबरने. खुंटाचे दोन फुटवे ठेवायचे, दोन्हींवर एकाच जातीची काडी बसवायची आणि पुढे त्यातलं जोमदार ते ठेवायचं, अशी पद्धत आहे. कळवणच्या टोळीनं माझ्या डाव्या फुटव्यावर शिराझ बसवली आणि तेवढ्यात जेवणाची हाक आली. ते जेवून येईपर्यंत पेठची टोळी माझ्यापर्यंत पोचली. त्यांना उजवा फुटवा मोकळा दिसला. त्यांनी कॅबरने बसवली.

दोन्ही लागल्या. एक कापायची वेळ आली तेव्हा नानांच्या बायकोनं, लंकाबाईंनी, कात्रीच धरली. एका खड्ड्यातलं दोन्ही जगलंय, मी काही कापू देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मला दोन डोकी आहेत. दोघांतलं आपलं कोणतं, हा विचार मी छाटणीच्या दिवसांत करतो. एरवी वेळ मिळत नाही.

कलमाच्या वेळी मी दोघांचा होतो, तोडणीच्या वेळी मात्र कोणाचाच नसतो. शिराझ तोडणारे मला कॅबरनेत धरतात, कॅबरनेवाले शिराझमध्ये. दोन्ही प्लॉट रिकामे होतात आणि माझे घड तसेच लोंबत राहतात. दर वर्षी ते पाखरं खातात. पाखरांनी आजवर तक्रार केलेली नाही.

या वर्षी मात्र मला विद्यार्थिनी मिळाली. उज्वला ही नानांची सून. बी.एस्सी. झालेली, तीन वर्षं घरात. आपली द्राक्षं ज्या वायनरीत जातात तिथे पाहुण्यांना वाईनची चव समजावून सांगायची नोकरी निघाली होती, आणि ती तिला हवी होती. परीक्षा अशी, की बिननावाचे दोन ग्लास समोर ठेवणार. शिराझ कोणती, कॅबरने कोणती आणि कशावरून, ते सांगायचं.

अडचण एवढीच होती की नाना माळकरी. मळ्यात वाईनची द्राक्षं पिकवतील, पण घरात थेंब येणार नाही. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला की गुळणी करून टाकलेलं पोटात जात नाही, तेव्हा चालेल. पण परीक्षा एकदाच. नापास झाली तर हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही.

मग उज्वला रोज सकाळी पाणी तोंडात धरून चार फुटांवरच्या बादलीत टाकायला शिकली. शेजारणीनं दाढ दुखतेय समजून लवंगा पाठवल्या. चवीचा अभ्यास मात्र माझ्याकडे, कारण तोडणीनंतर घड उरले होते ते फक्त माझ्यावर. तिचा हिशेब सरळ होता: मूळ एक, माती एक, पाणी एक, म्हणजे चवीत फरक पडेल तो फक्त जातीचा. ती आधी डावीकडचे मणी खायची, मग उजवीकडचे, आणि वहीत लिहायची.

डावीकडचा मणी बारीक, गोल. साल जाड, बिया मोठ्या. चावला की कच्ची सुपारी खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळतात. वास थोडा ढोबळी मिरचीचा. पहिल्यांदा पकडतो, शेवटी पकडतो, मध्ये गायब. उजवीकडचा मणी लांबट, रसाळ. जांभळासारखा, आणि सालीत मिऱ्याचा चटका. तोंड मधोमध भरून टाकतो आणि मऊपणे निघून जातो.

लंकाबाईंनीही एकेक मणी चाखला. डावीकडचा चावून म्हणाल्या, "भिंती लय पक्क्या हाय गं. पण आत घरात कोणीच नाय." उजवीकडचा खाऊन म्हणाल्या, "ही गोधडी. मधी जाड, कडंला मऊ. आणि यात मिरं कोणी टाकलं?"

उज्वलानं भिंतींपुढे शिराझ लिहिलं, गोधडीपुढे कॅबरने. मोबाईलवर वाचलं होतं ते नेमकं उलटं होतं. तिनं नानांना विचारलं. नाना म्हणाले, "कलमं करताना मी उभा होतो. डावी शिराझ, उजवी कॅबरने. मोबाईलनं आपला मळा पाहिलाय का?"

सोमवारी परीक्षा झाली. दुपारी उज्वला घरात न जाता इस्त्रीच्या साडीत थेट माझ्याकडे आली. मागोमाग सगळे आले. परीक्षा घेणाऱ्या सविता मॅडम म्हणाल्या होत्या, की वर्णन असं कोणी केलं नव्हतं, शब्द न् शब्द बरोबर. फक्त दोन्ही नावं उलटी. गुरुवारी आणखी मुली येणार आहेत, घरून चालत असेल तर परत ये.

अट नानांची होती. एकदाच म्हणजे एकदाच, हे सगळ्यांना माहीत होतं.

उज्वला रडली नाही. तिनं डावीकडचा एक घड धरला, त्याच्या काडीवर बोट ठेवलं आणि फांदीवरून सरकवत खाली आणू लागली. बोट माझ्या गळ्यापाशी आलं, एका जुन्या गाठीखाली शिरलं आणि उजव्या बाजूनं बाहेर पडलं. तिनं पुन्हा केलं. बोट पुन्हा उजवीकडेच. मग नानांनी चष्मा लावून स्वतःचं बोट फिरवलं. उजवीकडच्या घडापासून निघाले आणि डावीकडे पोचले.

तेव्हा उज्वलाच्या नवऱ्याला, दिनेशला, आठवलं. फांद्या तारेवर चढवायचं काम पहिल्या वर्षी त्याच्याकडे होतं. वाऱ्यानं त्या एकमेकींवरून गेल्या होत्या, त्यानं गेल्या तशा सुतळीनं बांधल्या. पुढे साल फुगली आणि पीळ झाकला गेला.

तुम्ही म्हणाल, खुंटभाऊ, तुमच्याच अंगावरचा पीळ तुम्हाला कळला नाही? मित्रांनो, मला वर आणि खाली एवढंच कळतं. डावं-उजवं हे तुमच्याकडचं आहे.

नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "हिची परीक्षा झालीच नाय. झाली ती याची. हा नापास. हिची गुरुवारी हाय."

अकरा वर्षं पाणी ओढून मी नापास झालो. कोणत्या विषयात, ते अजून कळलेलं नाही. पण त्या वेळी उज्वलानं माझ्या बुंध्यावर डोकं टेकलं, तेव्हा नापास होणं ही काहीतरी चांगली गोष्ट असावी, असा मी समज करून घेतला.

गुरुवारी ती गेली. संध्याकाळी सांगत आली की एक तारखेपासून रुजू व्हायचंय. नानांनी एवढंच विचारलं, "गिळलं नाय ना?" ती नाही म्हणाली. नाना पाण्याची मोटर बघायला निघून गेले. चालताना ते अधूनमधून हसत होते, पण तिकडे मोटरीत हसण्यासारखं काय आहे ते मला माहीत नाही.

मित्रांनो, मी दोघींना एकच पाणी दिलं. त्याच पाण्याची एकीनं भिंत केली, एकीनं गोधडी. हे मी केलं की त्यांनी, मला उमगत नाही. एक विनंती मात्र करतो. घड हातात आला की लगेच नाव घेऊ नका. काडीवर बोट ठेवा आणि फांदीवरून हळूहळू खाली या. गाठ लागली तर घाई करू नका, बोट कुठून निघतं ते बघा. आणि बुंध्यापर्यंत पोचलात तर जरा थांबा. इथपर्यंत सहसा कोणी येत नाही.