नोरीनच्या फोनमधला भाव

अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये रविवारी पॅनकेकचा नाश्ता असला की लोक ताटली घेऊन आधी ऑड्राच्या टेबलाशी यायचे. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात डेमोक्रॅट पक्षासाठी दारोदार फिरणारी तीच. वॉशिंग्टनच्या संसदेतली आपली जागा यंदा कुणाकडे, हे तिला विचारायचं आणि मगच खायला बसायचं, असा रिवाजच पडला होता.

मग तिच्या धाकट्या बहिणीने, नोरीनने, फोनवर तो बाजार उघडला. कुठला पक्ष जिंकणार यावर तिथे पैसे लावता येत. पक्ष जिंकला तर एका पावतीचा एक डॉलर, हरला तर भोपळा. डेमोक्रॅट उमेदवार डेल हॅनिगनची पावती अडतीस सेंटला मिळत होती, म्हणजे त्याचं काही खरं नव्हतं. नोरीनने आयुष्यात एक दार वाजवलेलं नाही. पण आता सगळ्या ताटल्या तिच्याकडे वळायच्या. ती फोनकडे बघून नुसतं "अडतीस" म्हणायची आणि लोक अशा माना डोलवायचे, जशी काही मतपेटीच बोलली.

ऑड्राचा नुसता तिळपापड. कुत्री अंगावर घेत गल्ल्या हिने पालथ्या घालायच्या आणि कौतुक नोरीनच्या अंगठ्याचं! तव्यापाशी उभा राहणारा म्हातारा वोयचिक इतकी वर्षं ऑड्रासाठी तिच्या आवडीचा, कडेने करपलेला पॅनकेक बाजूला ठेवायचा, तोसुद्धा फितूर झाला.

शेवटी शनिवारी तिने ठरवलं, नोरीनचा आकडा खोटा पाडायचाच. नव्या ओव्हनसाठी साठवलेले सहाशे डॉलर तिने त्या बाजारात ओतले आणि डेलच्या पावत्या घ्यायचा सपाटा लावला. असल्या आडबाजूच्या जागेवर पैसे लावणारे मोजकेच, त्यामुळे भाव भराभर चढला. तो चोपन्नवर पोचला तेव्हा ऑड्राला इतकं बरं वाटलं की तिने उभ्या उभ्याच आइस्क्रीमचा डबा संपवला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये शिरते तर काय, नोरीन खुर्चीवर उभी. डेल चोपन्नवर गेला म्हणून सांगत होती आणि लोक टाळ्या पिटत होते, जणू त्याला तिनेच खांद्यावर उचलून वर नेलं. वोयचिकने तिला आणखी दोन पॅनकेक वाढले. पैसे ऑड्राचे आणि लोणी नोरीनच्या ताटलीत.

ऑड्रा कॉफीच्या भांड्यामागे जाऊन उभी राहिली. नोरीन तिथेही आलीच.

"काल कुणीतरी येडपट भसाभसा घेत सुटलं होतं गं," ती खिदळत कुजबुजली. "माझ्याकडच्या सगळ्या विकून टाकल्या मी. डेलला एवढा भाव कोण देतंय?"

ऑड्राची कानशिलं तापली. "नोरीन," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "काल काय विकलंस ते सांग की सगळ्यांना."

आपल्याच उमेदवाराच्या पावत्या विकल्या म्हणून हिची आता छीथू होणार, असं तिला वाटलं होतं. कसलं काय. नोरीनने बिनदिक्कत सांगून टाकलं आणि हॉलभर हशा पिकला. पोरगी चलाख आहे, म्हणाले. घेणारा फिलाडेल्फियाचा कुणी दीडशहाणा असणार, असे तर्क सुरू झाले. सगळे पुन्हा नोरीनभोवती.

"मी घेतल्या," ऑड्रा म्हणाली.

हॉल गप्प. एकूण एक तोंड तिच्याकडे वळलं.

"सहाशे डॉलरच्या," तिने पुढे जोडलं, कारण ती शांतता फारच चविष्ट होती.

वोयचिक तवा सोडून आला. "ऑड्रा, दारोदार तू फिरतेस. आम्हाला माहीत नाही असं काय ऐकलंयस तू?"

काहीच ऐकलं नव्हतं. उलट गेल्या आठवड्यात अर्ध्या लोकांनी तिच्या तोंडावर दार लावलं होतं. तेवढं सांगितलं असतं तर विषय संपला असता. पण खुर्च्या तिच्याकडे सरकायला लागल्या होत्या. आणि त्या सगळ्या डोक्यांच्या मागे, टाचा उंचावून, नोरीन उभी होती. तो आंबट चेहरा ऑड्राच्या चांगलाच ओळखीचा होता. गेले दोन महिने रोज आरशात तोच तर दिसायचा.

"थांब, मलाही ऐकायचंय," नोरीन म्हणाली.

"मागे एक खुर्ची रिकामी आहे बघ," ऑड्रा म्हणाली, आणि घसा खाकरला.